आज्ञेची सीमा : न्यूमन यांच्या एका पत्राविषयी

रोमच्या पोपचा शब्द कॅथलिक माणसाला अखेरचा असतो. त्यापुढे त्याने स्वतःची बुद्धी चालवावयाची नसते, आणि चालवलीच तर तो कॅथलिक उरत नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. देवळाच्या अग्रशाळेत चार मंडळी बसली आणि बोलणे शेजारच्या ख्रिस्ती वाड्याकडे वळले, की ती हटकून पुढे येते. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तिला पुरावे सापडतात, आणि गोमंतकाच्या इतिहासात तर ते शोधावेही लागत नाहीत. परंतु ती अपुरी आहे. आणि अपुऱ्या समजुतीत थोडे खरे असते म्हणूनच ती निखालस खोट्या समजुतीपेक्षा अधिक काळ टिकते. तिचा अपुरेपणा दाखवणारा उत्तम ग्रंथ कोणा परधर्मीयाने लिहिलेला नाही. तो एका कॅथलिक धर्मोपदेशकाने लिहिला, आणि ज्या धर्मपीठाच्या आज्ञेची सीमा त्याने आखली त्याच धर्मपीठाने पुढे त्याला कार्डिनल केले, संत म्हटले आणि आचार्यपद दिले. जॉन हेन्री न्यूमन यांचे १८७५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले 'नॉर्फोकच्या ड्यूकला पत्र' हे ते पुस्तक होय. त्याचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

या पत्राचा जन्म राजकारणात झाला. १८ जुलै १८७० रोजी रोम येथील व्हॅटिकन धर्मपरिषदेने पोपच्या अप्रमादित्वाचा सिद्धांत जाहीर केला. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडील समजुतीचा पाय पहिल्यांदा घसरतो तो येथेच. पोप कधीच चुकत नाही, असे परिषदेने म्हटले नाही. सर्व ख्रिस्ती जनांचा गुरू या नात्याने, आपल्या सर्वोच्च अधिकारपदावरून, श्रद्धेविषयीचा किंवा नीतीविषयीचा एखादा सिद्धांत सगळ्या ख्रिस्तसभेने मानलाच पाहिजे असे तो ठरवून देतो, तेव्हा त्या निर्णयात प्रमाद होत नाही, एवढेच तिचे म्हणणे. परिषदेनंतरच्या काळात असा निर्णय निर्विवादपणे एकदाच दिला गेला आहे : १ नोव्हेंबर १९५० रोजी बाराव्या पायस यांनी मरियामातेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत घोषित केला तो. बाकीच्या आज्ञा, नेमणुका, शिक्षा आणि राजकीय सल्ले या कुंपणाच्या बाहेर राहतात.

परंतु १८७० मध्ये हे कुंपण फारसे कोणाला दिसत नव्हते. परिषदेतही एकमत नव्हते. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ८८ जणांनी स्पष्ट विरोध नोंदवला. अखेरच्या मतदानापूर्वी विरोधकांपैकी पुष्कळसे रोम सोडून गेले, आणि सिद्धांत ५३३ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, आणि २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम शहर घेतले. पोपच्या हातून राज्य गेले त्याच वर्षी त्यांच्या शब्दाला हे नवे सामर्थ्य मिळाले, ही गोष्ट युरोपच्या मुत्सद्द्यांना खटकल्यावाचून राहिली नाही.

इंग्लंडात या अस्वस्थतेला वाचा फोडली विल्यम ग्लॅडस्टन यांनी. ते पंतप्रधान असताना त्यांचे आयर्लंडच्या विद्यापीठाविषयीचे विधेयक १८७३ साली अवघ्या तीन मतांनी पडले, आणि त्या पराभवाला आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांचा विरोध कारण झाला, असा त्यांचा ग्रह होता. १८७४ च्या आरंभी त्यांची सत्ता गेली; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी व्हॅटिकनच्या निर्णयांवर एक लहान पुस्तक काढले. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्यांचा आक्षेप असा : आता कॅथलिक प्रजाजनाची बुद्धी आणि त्याची राजनिष्ठा ही दोन्ही रोमच्या मुठीत गेली आहेत, पोप उद्या काय फर्मावतील त्याचा नेम नाही, आणि जे फर्मावतील ते मोडण्याची याला सोय नाही, मग अशा माणसावर राज्याने विश्वास कसा टाकावा?

हा आक्षेप हवेतला नव्हता. पाचव्या पायस यांनी १५७० साली एलिझाबेथ राणीला पदच्युत ठरवून तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले होते. त्या एका फर्मानाची किंमत इंग्लंडच्या कॅथलिकांनी अडीचशे वर्षे मोजली. त्यांना पार्लमेंटाचे दार उघडले ते १८२९ साली. त्याआधी, १८२६ मध्ये, आयर्लंडच्या बिशपांनीच जाहीर केले होते की पोपला अप्रमादी मानणे हे कॅथलिक श्रद्धेचे कलम नाही. त्या शब्दावर विसंबून ज्यांनी दार उघडले, त्यांना १८७० नंतर आपण फसलो असे वाटले तर त्यात नवल नव्हते.

उत्तर देण्याची जबाबदारी न्यूमन यांच्यावर आली, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. ऑक्सफर्डचे नामांकित प्रवचनकार आणि इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे धर्मोपदेशक असलेले हे गृहस्थ १८४५ साली कॅथलिक झाले आणि बर्मिंगहॅम येथे मठ स्थापून राहिले. जुन्या चर्चने त्यांना परके मानले आणि नव्या चर्चमधील कडव्या मंडळींना त्यांचा भरवसा वाटेना. सामान्य श्रद्धाळू जनांचे मतही सिद्धांताच्या बाबतीत विचारात घ्यावे, असे १८५९ च्या एका निबंधात त्यांनी प्रतिपादिले. चौथ्या शतकात एरियसच्या पाखंडाच्या काळी बिशप डळमळले आणि सामान्य लोकांनी श्रद्धा राखली, हा इतिहासही त्यांनी त्यात पुढे मांडला. त्याबद्दल एका बिशपने त्यांची रोमकडे तक्रार केली. अप्रमादित्वाचा सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य होता. परंतु तो या वेळी, या घाईने जाहीर करणे त्यांना अनुचित वाटत होते. एका बिशपला खाजगी पत्रात त्यांनी तसे कठोर शब्दांत लिहिले आणि ते पत्र फुटले. अशा माणसाने ग्लॅडस्टन यांना उत्तर द्यावयाचे म्हणजे एकाच वेळी दोन श्रोत्यांशी बोलावयाचे होते : पोपला घाबरणारे इंग्रज समोर, आणि पोपचा प्रत्येक उद्गार वेदवाक्य मानणारे स्वकीय पाठीशी.

हा दुहेरी भार या पत्राच्या शैलीत जाणवतो. ते उद्देशून लिहिले आहे नॉर्फोकच्या ड्यूकला, म्हणजे इंग्लंडच्या सरदारांतील पहिल्या मानकऱ्याला. तो घराण्याने कॅथलिक आणि न्यूमन यांच्या शाळेचा जुना विद्यार्थी. पत्राच्या या रूपामुळे ग्लॅडस्टन यांच्यावर थेट वार करण्याचा प्रसंग टळतो आणि बोलणे सभ्य गृहस्थांच्या दिवाणखान्यात चालल्यासारखे राहते. दहा प्रकरणे आहेत. प्राचीन ख्रिस्तसभा, पोपची सत्ता, दुभंगलेली निष्ठा, १८६४ चे परिपत्रक आणि त्यासोबतची दोषसूची, व्हॅटिकन परिषद, असा क्रम आहे. आजच्या वाचकाला यांतील बराच भाग कोरडा वाटेल. दोषसूचीवरील प्रकरणात तर न्यूमन वकिलासारखे शब्द मोजतात. कोणता शब्द कोठल्या मूळ कागदातून आला आणि तेथे त्याचा रोख काय होता, याची ते इतकी बारीक चौकशी करतात की चतुराईचे कौतुक वाटते, पण मन भरत नाही. मन भरते ते पाचव्या प्रकरणात. त्याचा विषय आहे सदसद्विवेकबुद्धी, आणि या एका प्रकरणासाठी हे पत्र जिवंत राहिले आहे.

न्यूमन यांची मांडणी थोडक्यात अशी. सदसद्विवेक म्हणजे ज्याला जे वाटेल ते करण्याची मुभा, असा अर्थ त्यांच्या काळी रूढ होऊ लागला होता. आजही तोच रूढ आहे. ते म्हणतात, हे त्या शब्दाचे विडंबन होय. सदसद्विवेक म्हणजे माणसाच्या अंतःकरणात उमटलेला ईश्वराचा कायदा. तो माणसाला सोयीचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो गैरसोयीचाच असतो. त्याला हक्क आहेत ते त्याच्यावर कर्तव्ये आहेत म्हणून. ख्रिस्ताचा प्रतिनिधी ही पोपची पदवी. न्यूमन तीच पदवी सदसद्विवेकाला देतात, आणि तो या पदावर आधीपासून आहे असे सुचवितात. पोपची सत्ता ज्या पायावर उभी आहे तो पायाच हा आहे. सदसद्विवेकाविरुद्ध बोलणारा पोप स्वतःच्या पायाखालची जमीन खणील.

मग दोहोंत झगडा झाला तर? येथे न्यूमन यांचा मुख्य भेद येतो. सदसद्विवेक सिद्धांतांचा निकाल देत नाही. मी आता, येथे, हे करावे की करू नये, याचा तो निकाल देतो. अप्रमादित्व मात्र सर्वसाधारण सिद्धांतांपुरते आहे. म्हणून दोहोंची थेट टक्कर होण्याचा संभव नाही. टक्कर होईल ती पोपच्या एखाद्या विशिष्ट आज्ञेशी. आणि विशिष्ट आज्ञा देताना पोप अप्रमादी असतो, असे तर परिषदेनेही म्हटलेले नाही.

यापुढे ते दाखल्यांची जी माळ ओवतात ती कॅथलिक लेखकाच्या हातून आली म्हणून विशेष धाडसाची आहे. बार्थोलोम्यूच्या दिवशी फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तेव्हा तेरावे ग्रेगरी यांनी तिच्या गौरवार्थ पदक पाडले. ते अप्रमादी होते काय? पाचवे सिक्स्टस यांनी इंग्लंडवर चालून जाणाऱ्या स्पॅनिश आरमाराला आशीर्वाद दिला तेव्हा? आठवे अर्बन यांनी गॅलिलिओला छळले तेव्हा? आणि यादीच्या शिरोभागी साक्षात संत पीटर आहेत, ज्यांना अँटिओक येथे संत पॉल यांनी तोंडावर विरोध केला.

हा अखेरचा दाखला आमच्या वाचकांना विशेष उमजेल, कारण तो प्रसंग पंक्तिव्यवहाराचा होता. पीटर हे सुंता न झालेल्या परजातीय ख्रिस्ती जनांबरोबर जेवत असत. यरुशलेमहून कर्मठ मंडळी आली तेव्हा त्यांच्या भयाने ते पंक्तीवरून उठले आणि वेगळे बसू लागले. पॉल यांनी सर्वांदेखत त्यांची कानउघाडणी केली. पहिल्या पोपची पहिली जाहीर चूक जेवणाच्या पानावरची होती, आणि ती दाखवून देणाऱ्याला ख्रिस्तसभेने बंडखोर ठरवले नाही. तिने दोघांनाही संत मानले.

न्यूमन यांची स्वतःची उदाहरणे याहून घरगुती आहेत. समजा, धर्मकार्याला पैसा उभा करण्यासाठी ठिकठिकाणी सोडत काढावी असा पोपचा हुकूम आला, आणि एखाद्या पाद्रीला ईश्वरास स्मरून असे वाटते की सोडत हा अनीतीचा प्रकार आहे. तर त्या पाद्रीने तो हुकूम पाळणे हे पाप होईल, मग त्याचे मत बरोबर असो वा चूक. समजा, कोणी राणीच्या सैन्यात शिपाई आहे, चाललेले युद्ध अन्याय्य आहे असे त्याला प्रामाणिकपणे दिसत नाही, आणि पोप एकाएकी सर्व कॅथलिक शिपायांना नोकरी सोडावयास सांगतात. तर चार जाणत्या धर्मज्ञांचा सल्ला घेऊन तो ती आज्ञा नाकारील. ग्लॅडस्टन यांच्या प्रश्नाचे उत्तर या शिपायाने दिले.

मात्र न्यूमन दार सताड उघडे टाकत नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे थोरपण येथेच आहे. आज्ञा नाकारावयाची तर आधी गंभीर विचार हवा, प्रार्थना हवी, सत्य शोधण्याचे शक्य ते सर्व प्रयत्न हवेत. आज्ञा देणारा बरोबर असेल असेच प्रथमदर्शनी धरून चालावयाचे. तो चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर. हुकमाची कुणकुण लागताच 'याला हा अधिकार कोणी दिला' असे पुटपुटत उठणारी जी एक क्षुद्र वृत्ती प्रत्येकाच्या ठायी असते, तिला आधी जिंकावयाचे. ज्याने तिला जिंकले आणि तरीही ज्याला आज्ञापालन पाप वाटते, त्याने मात्र आज्ञा पाळता कामा नये. प्रकरणाच्या अखेरीस, भोजनोत्तर शुभचिंतनाचा पेला उचलावयाची वेळ आलीच, तर आपण तो पोपसाठीही उचलू, परंतु आधी सदसद्विवेकासाठी, अशा अर्थाचा विनोद करून ते थांबतात. हे वाक्य आज जगभर फिरते. त्यामागच्या अटी फारशा फिरत नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या परंपरेशी ज्याचा परिचय आहे त्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. मनूने धर्माची प्रमाणे सांगताना श्रुती, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर आत्मतुष्टीला जागा दिली. ती ज्याच्या त्याच्या लहरीची तुष्टी नव्हे, विद्येने आणि सदाचाराने संस्कारलेल्या अंतःकरणाची होय, अशी मर्यादा पुढच्या मीमांसकांनी घातली. न्यूमन यांची अट तीच. आणि व्यवहारात या प्रश्नाने आपल्यालाही सोडलेले नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून जे ग्रामण्य उठले ते शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्याच सुधारक अनुयायांनी त्यांना दोष दिला. समाज दुभंगू नये म्हणून पीठाला मान तुकवणे हा विवेक, की विवेकाचा पराभव, हा वाद अजून मिटलेला नाही. पीटर पंक्तीवरून उठले आणि रानडे चहाच्या पेल्यापाशी अडकले. अन्नाच्या प्रश्नातच आज्ञा आणि अंतःकरण यांची गाठ पडावी, हे दोन्ही धर्मांच्या अनुयायांनी एकमेकांकडे पाहून हसावे असे साम्य आहे.

न्यूमन यांच्या मापाची परीक्षा घ्यावयाची तर गोमंतकाबाहेर जाण्याचे कारण नाही. पूर्वेकडील चर्चांवर बिशप नेमण्याचा आश्रयाधिकार, ज्याला पाद्रोआदो म्हणत, तो पोपनीच पोर्तुगालच्या राजाला दिला होता. १८३३ नंतर पोर्तुगालचे रोमशी संबंध तुटले आणि १८३८ साली सोळावे ग्रेगरी यांनी एका आज्ञापत्राने कोचीन, क्रांगनूर व मैलापूर येथील पाद्रोआदोचा अधिकार काढून रोमने नेमलेल्या प्रतिनिधींच्या हाती दिला. गोव्याच्या धर्मोपदेशकांनी ती आज्ञा मानली नाही. राजाच्या संमतीवाचून आलेले आज्ञापत्र वैध नाही, असा त्यांचा पक्ष. मुंबईत दोन्ही पक्षांच्या चर्चांवरून भांडणे झाली. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमचा बिशप आपल्या अनुयायांसह कोंडून बसला आणि विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा दिला, इतक्या थराला गोष्ट गेली. त्याच वर्षी नववे पायस यांनी गोव्याच्या पक्षाच्या चार पाद्र्यांचा नावानिशी निषेध केला. १८५७ आणि १८८६ च्या करारांनी तंटा क्रमाने शमला.

याला सदसद्विवेकाचे बंड म्हणावे काय? आमचे उत्तर 'पुष्कळ अंशी नाही' असे आहे. कागदोपत्री जो युक्तिवाद दिसतो तो राजाच्या हक्काचा आहे; एका धन्याची आज्ञा मोडण्यास दुसऱ्या धन्याची आज्ञा कारण झाली. न्यूमन यांचा शिपाई राणीच्या बाजूने उभा राहतो तोही वरवर पाहता असाच. परंतु तो राणीचा हुकूम म्हणून उभा राहत नाही, युद्ध अन्याय्य नाही असे स्वतः तपासून उभा राहतो. हा भेद सूक्ष्म असला तरी सगळे त्यावर अवलंबून आहे. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गोव्याच्या या पाद्र्यांत बहुतेक येथल्याच मातीचे होते, आणि युरोपातून आलेल्या प्रतिनिधींच्या हाताखाली आपली जागा काय राहील याची धास्ती त्यांच्या विरोधात मिसळलेली होती. ती धास्ती क्षुद्र नव्हती. १८८६ च्या करारानंतरही ज्यांचे समाधान झाले नाही त्यांपैकी पाद्रे आल्वारिश यांनी रोमची वाट कायमची सोडली. १८८९ साली सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत ते बिशप झाले आणि १९२३ मध्ये त्यांचा देह गोव्यातच पडला. त्यांनी किंमत मोजली, आणि ज्याने किंमत मोजली त्याच्या हेतूविषयी बोलताना टीकाकाराने जपून बोलावे.

आता पत्राच्या उणिवांकडे वळू. पहिली अशी की सिद्धांत आणि आज्ञा यांच्यामध्ये न्यूमन यांनी काढलेली रेघ कागदावर जितकी सरळ तितकी जीवनात नाही. मधला प्रदेश मोठा आहे : अप्रमादी नाही, पण साधी आज्ञाही नाही, अशी शिकवण. १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेने अशा शिकवणीलाही बुद्धी आणि इच्छा यांचा धार्मिक आदर द्यावा असे सांगितले. चार वर्षांनी, २५ जुलै १९६८ रोजी, सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले. त्यांनीच पुढे चालवलेल्या सल्लागार मंडळातील बहुमत त्याविरुद्ध होते. हा सर्वसाधारण नियम होता, आणि तरी त्याची टक्कर थेट प्रत्येक जोडप्याच्या सदसद्विवेकाशी होती. कॅनडाच्या बिशपांनी त्याच सप्टेंबरात विनिपेग येथे म्हटले की प्रामाणिक प्रयत्नानंतरही ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतःला ख्रिस्तसभेबाहेरचे मानू नये. हे न्यूमन यांच्या वळणाचे उत्तर खरे, पण न्यूमन यांच्या पत्रात या प्रश्नाला प्रकरण नाही.

दुसरी उणीव अशी की हे माप दोन विरुद्ध बाजूंना सारखेच वापरता येते. १९६८ ला विरोध करणारे सुधारक ते वापरतात. आणि नव्या परिषदेने परंपरा बुडवली असे मानणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी पोपची मनाई मोडून एकोन येथे चार बिशप अभिषिक्त केले, तेव्हा तेही अंतःकरणाच्या कर्तव्याच्याच भाषेत बोलत होते. रोमने त्यांना बहिष्कृत केले. त्यांच्या हातून अभिषेक घेतलेल्या चौघांवरील बहिष्कार २००९ मध्ये उठला, तंटा मात्र मिटला नाही. कोणाचा विवेक खरा आणि कोणाचा अहंकार विवेकाचे सोवळे नेसून आला, हे बाहेरून ओळखण्याची कसोटी न्यूमन देत नाहीत. ती देता येणेच शक्य नाही, असे कदाचित ते म्हणतील.

तिसरी उणीव आम्हांस अधिक बोचते. आज्ञा मोडणाऱ्याचे पुढे काय होते, याविषयी पत्र जवळजवळ मौन पाळते. म्युनिचचे थोर इतिहासकार डोलिंगर यांना अप्रमादित्वाचा सिद्धांत इतिहासाच्या साक्षीने मान्य करता येईना. १८७१ साली ते बहिष्कृत झाले. सिद्धांत नाकारणे ही आज्ञा नाकारण्याहून निराळी बाब, असे न्यूमन यांच्या चौकटीतून उत्तर मिळेल. पण ज्याच्या गळ्याशी आले त्याला हा भेद थोडा सांत्वनाचा. विवेकाचे ऐकणे हे कर्तव्य असेल, तर ते ऐकणाऱ्याला कसे वागवावे हेही संस्थेचे कर्तव्य असले पाहिजे. या दुसऱ्या अर्ध्याला पत्रात जागा मिळावयास हवी होती.

इतके सांगूनही आम्ही हे पत्र मोठे मानतो, आणि आमच्या वाचकांनी त्याची ओळख करून घ्यावी असे म्हणतो. कारण आज्ञापालनाच्या सीमेचा प्रश्न पाळणाऱ्यापुरता कधीच राहत नाही. १५६७ साली सासष्टीतली देवळे पाडली गेली आणि मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा यांना रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात न्यावे लागले, तेव्हा हातात पहारी घेतलेल्यांपैकी बहुतेकांचा आमच्याशी वैयक्तिक दावा नव्हता. ते आज्ञाधारक होते. ज्या शिपायाला 'हे मी करणार नाही' असे म्हणण्याची जागा त्याच्या धर्मातच आहे, त्याच्या शेजारी दुसऱ्या धर्माचे देऊळ सुरक्षित राहते. तेव्हा शेजाऱ्याच्या धर्मात अशी जागा असल्याचे त्याच धर्माचा एक आचार्य ठासून सांगतो, ही आपल्याही आस्थेची बाब आहे. आणि तीच जागा आपल्या देवस्थानांत, मठांत, महाजनांच्या सभांत आज किती उरली आहे, हे विचारण्याचा अधिकार न्यूमन आपल्यालाही देऊन जातात.

तेराव्या लिओंनी १८७९ मध्ये न्यूमन यांना कार्डिनल केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षा-ग्रंथात सदसद्विवेकाची व्याख्या करताना याच पत्रातील उतारा घेतला गेला. २०१० मध्ये ते धन्य, २०१९ मध्ये संत आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी चौदावे लिओ यांच्या हस्ते ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित झाले. पोपच्या आज्ञेला मर्यादा आहे असे सांगणाऱ्याला पोपनीच आचार्यपद दिले. आरंभी सांगितलेल्या समजुतीला यापेक्षा अधिकृत उत्तर कोणते द्यावयाचे? मात्र मान देणे सोपे असते. ज्या दिवशी एखादा साधा पाद्री सोडतीचा हुकूम परत पाठवील आणि तरीही आपल्या वेदीवर सुखाने उभा राहील, त्या दिवशी हे पत्र खऱ्या अर्थाने पोचले असे आम्ही म्हणू.